खाचेच्या दाताची बाई

४ फेब्रुवारी

पंचावन्न पिशव्या शिवल्या आणि साहेब म्हणतो टाके मोठे आहेत! मेलेल्यांना टोचणार आहेत का? नातीच्या शब्दाखातर आले, नाहीतर या वयात कोण हाडांना झबली शिवतं.

जुन्या खड्ड्यातली हाडं. साडेतीनशे वर्षांपूर्वी एकावर एक टाकलेली माणसं. नात म्हणते, प्लेगने गेली. साहेब, म्हणजे तिचा वरचा, म्हणतो, कशावरून? उपासमारीनेही गेली असतील.

६ फेब्रुवारी

डबा खाताना नातीने प्लेगची कुळकथा सांगितली. उंदीर, त्यांच्यावरच्या पिसवा, जहाजं. बंदराबंदराने उतरायचा, गावंच्या गावं झाडून न्यायचा, ओसरायचा. पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा हजर! मग एकदा इथून गेला तो दोनशे वर्षं फिरकलाच नाही.

"का गेला?" म्हटलं.

"ते नक्की कुणालाच ठाऊक नाही, आजी."

एवढं शिकून! पण सांगताना कार्टीचे डोळे असे चमकतात की डबा गार झाला तरी मी उठले नाही.

१० फेब्रुवारी

आज खड्ड्यातून एक बाई आली, नुसती हाडं. कुशीत तिचं दोन-अडीच वर्षांचं पोर. बाईच्या पुढच्या दाताला खाच — माझ्यासारखीच! जन्मभर दोरा दाताने तोडला की पडते. शिवणारी होती बाई. नातीने माझं तोंड उघडून बघितलं, बाजारात गुरांचं बघतात तसं. "आजी, आमच्यातल्या एकालाही दिसलं नाही हे!" दिसणार कसं? दोरा कात्रीने कापणारी तुम्ही.

१३ फेब्रुवारी

प्लेगचे जंतू सापडले तर दातातच सापडतात म्हणे. तीन दात दळून झाले, तिन्ही कोरे. साहेबाने आता एकच संधी दिलीय. नाहीतर नातीचं तीन वर्षांचं काम बंद. आणि मोठ्या माणसांपैकी धड दाढ उरलीय ती एकीचीच. माझ्या बाईची.

१४ फेब्रुवारी

जबडा पिशवीत घातला, तोंड दुहेरी दोऱ्याने शिवलं, चिठ्ठी न लावता खालच्या फळीवर ठेवला. शोधा म्हणावं!

१७ फेब्रुवारी

नात सकाळपासून शोधत होती. संध्याकाळी पायरीवर येऊन बसली. "आजी, बहुतेक मीच हरवला गं." नाक लालभडक. लहानपणी पाटी फुटली तेव्हा असंच झालं होतं.

उठले. पिशवी काढली, टाके उसवले. "दाढच घ्यायची. पुढच्या दाताला हात लावलात तर याद राखा!"

हसावं की रडावं तिला कळेना. शेवटी गळ्यात पडली. घामट कुठली.

३ मार्च

सापडला! दाढेत प्लेग होता. साहेबाने नातीला स्वतः चहा आणून दिला. मलाही. टाक्यांबद्दल अवाक्षर नाही.

६ मार्च

पोराचाही दात तपासला. प्लेग त्यालाही. पण त्याच दातांवरून कळलं, दोघांचं रक्ताचं नातं नाही — आई नाही, मावशी-आत्याही नाही. म्हणजे असल्या रोगात बाईने परक्याचं पोर कुशीत घेतलं! मग त्याची आई कुठे होती? साहेब म्हणतो, हे आपल्या कामात बसत नाही. त्याला विचारलंय कुणी? नातीने शोधून सांगायचं. आणि माझे डोळे मिटायच्या आत.