तीन वेळा वाजलं तर लपव

३ जून, मंगळवार

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत शिवणाचा तास गुरुवारी दुपारी असायचा. शेवटून दुसरा बाक, ती खिडकीकडे आणि मी आतल्या बाजूला. त्या तासाला बोलायची बंदी होती. चाळीस मुली खाली माना घालून टाके घालत, आणि शिवणाच्या सिस्टर आवाज न करणाऱ्या बुटांनी बाकांमधून फिरत. ती काडीसारखी, म्हणून टाचणी. मी गोल, म्हणून रीळ. ही नावं आम्हीच एकमेकींना दिली होती आणि पन्नास वर्षांत दुसऱ्या कुणाला वापरू दिली नाहीत. बोटात घातलेल्या अंगुस्तानाने, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालतात त्या पत्र्याच्या टोपीने, आम्ही बाकाच्या लोखंडी पायावर वाजवायचो. एकदा म्हणजे हो. दोनदा म्हणजे सिस्टर गेल्या, बोल आता. तीनदा म्हणजे बघतायत, लपव. तीन वाजले की चिंचोके, चिठ्ठ्या, काय असेल ते झग्याखाली. आम्ही कधीही सापडलो नाही.

आज हे सगळं आठवलं, कारण आज मी टाचणीच्या घरी राहायला आले. दोन महिन्यांपूर्वी तिचं पत्र आलं होतं. तेच उजवीकडे झुकलेलं अक्षर. घर मोठं आहे, रीळ, दोघींना पुरेल, मला एकटीला करमत नाही. हे जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. दोन खोल्यांना कुलूप लावलं आणि आले.

दार तिच्या भाचीने उघडलं. चाळिशीची, हसरी, केस नीट बांधलेले. माझी बॅग हातातून काढून घेतली, वाकून नमस्कार केला, आणि मग सांगितलं की मावशींना अर्धांगाचा झटका आलाय. वाचा गेली. पत्र टाकलं आणि आठवड्याभरातच झालं, तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही आलाच नसता, आणि मावशींना तर तुमचाच ध्यास. मला रडूच आलं. टाचणी झोपली होती म्हणून तिला उठवू दिलं नाही.

चहाच्या वेळी भाचीने मला बोलतं केलं. मी तिला बाकाच्या पायाची सगळी गंमत सांगितली, एक, दोन, तीन. पर्समधून माझं अंगुस्तान काढून टेबलावर वाजवूनही दाखवलं. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, कमाल होता हो तुम्ही दोघी!

माझी खोली मागच्या बाजूला आहे. पलंगावर स्वच्छ चादर, उशाशी पाण्याचा तांब्या. कितीतरी वर्षांनी माझं अंथरूण दुसऱ्या कुणीतरी घातलंय.

५ जून, गुरुवार

काल टाचणीला पाहिलं. काडीची आता नुसती रेघ राहिलीय. तिने मला ओळखलं, डोळे भरून वाहिले. तिच्या दोन्ही हातांत सुती हातमोजे आहेत, मनगटाशी नाडीने बांधलेले. झोपेत खाजवून रक्त काढते, भाची म्हणाली, कालपासूनच घालायला लागलेय, जीव तुटतो पण काय करणार.

भाची सगळं करते. सूप गाळून भरवते, कूस बदलते, अंग पुसते. माझ्याही गोळ्या तिने एका डबीत वारांप्रमाणे लावून दिल्या. माझा फोन मधेच बंद पडतो तर तो दुरुस्तीला नेते म्हणाली.

दुपारी तिने माझी वही पाहिली आणि अक्षरावर खूश झाली. अशी वळणं आता कुणाला येत नाहीत, मला शिकवा ना मावशी! सिस्टरांनी पट्टीने बोटं शेकून घडवलेलं अक्षर आहे ते, त्याचा मला गर्व आहे, खोटं कशाला बोलू. चार पानं लिहून दिली. माझी सही तिला फार आवडली. ती एका कोऱ्या पानावर वीसेक वेळा करून दाखवली.

९ जून, सोमवार

सकाळी इस्त्रीवाली आली. दर सोमवारी दहाला येते, गाठोडं नेते, संध्याकाळी धुऊन, इस्त्री करून आणते. तोंडाचा पट्टा सुरू. सगळे अभ्रे माझ्यादेखत मोजून घेतले. मागे आतल्या बाईंचं कानातलं अभ्र्यात सापडलं होतं, म्हणाली, आणून दिलं, पण तेव्हापासून घरी गेल्यावर आत हात घातल्याशिवाय पाण्यात टाकत नाही, उद्या म्हणाल चोर आहे. भाची हसून म्हणाली, तुला कोण चोर म्हणेल गं, तुला तर धड गप्पही बसता येत नाही.

मग बँकेत गेलो. पेन्शन इथल्या शाखेत घ्यायची आणि माझ्या पायांना हेलपाटा नको म्हणून खात्यावर भाचीचंही नाव घालायचं, असं ठरलं होतं. काउंटरवरच्या चष्मेवाल्या बाईंनी भाचीला झेरॉक्स काढायला बाहेर पाठवलं आणि मग आवाज खाली आणून मला विचारलं की ही कल्पना कुणाची, तुम्ही घरातून एकट्या बाहेर पडू शकता का, तुमचा फोन कुठे आहे. मला भाचीच्या वतीने अपमान वाटला. तक्रार करणारी मुलगी वाईट, हे आमच्या हाडांत मुरलंय. सगळं छान आहे, म्हणाले मी, माझ्या पोटच्या मुलीने केलं नसतं इतकं करते. त्यांनी पैसे भरायच्या स्लिपच्या मागे स्वतःचा नंबर लिहिला आणि असू द्या म्हणाल्या. नाही म्हणणं बरं दिसेना. फॉर्मवर सही केली. नंबर अंगुस्तानाच्या डबीत ठेवलाय.

१६ जून, सोमवार

इस्त्रीवाली आज दारातच बसली. पाणी पिता पिता म्हणाली, या बाईंचं वाईट वाटतं हो, दोन वर्षं झाली अशा पडून.

मी म्हणाले, दोन महिने. ती म्हणाली, अहो बाई, माझा नातू त्यांच्या झटक्यानंतर जन्मला, आता चालतोय आणि मला शिव्या देतोय.

भाची आतून आली आणि इस्त्रीवालीला म्हणाली, तुझं गणित तुझ्या इस्त्रीसारखंच, घड्या चुकलेल्या. सगळ्या हसल्या. मीही हसले.

पण पत्र तर दोन महिन्यांपूर्वीचं आहे. टाचणीचा हात दोन वर्षं उचलत नसेल, तर ते अक्षर कुणाचं?

१७ जून, मंगळवार

भाची आंघोळीला गेली तेव्हा नखं कापायच्या निमित्ताने टाचणीच्या डाव्या हातमोज्याची नाडी सोडली.

अंगठा निळा. नखाच्या कडेपर्यंत शाई मुरलेली, धुऊन धुऊन उरलेली.

तिचं पहिलं बोट हललं. पलंगाच्या लोखंडी गजावर नख. टक, टक, टक. थांबली. परत तीन.

मी तिच्या कानाशी वाकून विचारलं, पत्र तू लिहिलंस? बोट हललं नाही. भाचीने लिहिलं? एक. घराच्या कागदावर तुझा अंगठा तिने घेतला? एक. तिला माझ्याबद्दल कसं कळलं? हा प्रश्न हो-नाहीचा नव्हता, तर टाचणीने डोळे कपाटाकडे नेले. वरच्या खणात माझी पत्रं आहेत, चाळीस वर्षांची, रिबिनीत बांधलेली. मी एकटी आहे, मला पेन्शन आहे, जागा माझ्या नावावर आहे, मला विचारणारं कुणी नाही. सगळं माझ्याच सुंदर अक्षरात. ती वाचून मला निवडलंय.

आणि हातमोजे ३ तारखेपासून. मी टेबलावर एक, दोन, तीन वाजवून दाखवलं त्या दिवसापासून. दोन वर्षं ती गजावर वाजवत राहिली असेल आणि ऐकून कळेल असं एकच माणूस जगात होतं. ते आलं आणि चहा पिता पिता तिचं तोंड बांधून गेलं.

नळ बंद झाला. तिने तीन वाजवले. मी नाडी बांधली.

१९ जून, गुरुवार

फोन अजून दुरुस्तीलाच. दाराला आतून कुलूप, चोऱ्या वाढल्यात म्हणे, किल्ली भाचीच्या कमरेला. माझ्या खोलीच्या खिडकीसमोर हातभर अंतरावर भिंत.

मी शहाण्या मुलीसारखी वागतेय. सोमवारी इस्त्रीवाली येईल, तिच्या हातात चिठ्ठी द्यायची, नंबर उतरवून. स्लिप डबीतून काढून या वहीत टाचलीय. चार दिवस. हातमोजा काढून टाचणीला सांगितलं. तिने एकदा वाजवलं.

२१ जून, शनिवार

काल दुपारच्या सुपानंतर झोप लागली. उठले तेव्हा आज सकाळ होती. जीभ जड. पाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

माझा अंगठा निळा आहे.

२३ जून, सोमवार

उंबऱ्याशी भाची उभी होती, पूर्ण वेळ. चिठ्ठी मुठीत भिजून लगदा झाली.

इस्त्रीवाली माझ्याकडे बघून हसायला गेली आणि थांबली. म्हणाली, बाई, तुम्ही आता त्या आतल्या बाईंसारख्याच दिसायला लागलात.

भाची म्हणाली, मैत्रिणी ना, एकमेकींवर जायच्याच.

२४ जून

काळ्या बॅगवाले एक गृहस्थ आले. माझ्या दोन खोल्यांचे कागद घेऊन. मी स्पष्ट बोलले. जीभ वळत नव्हती तरी बोलले, मला विकायच्या नाहीत, ही मला झोपवते, पोलिसांना बोलवा.

ते भाचीकडे पाहू लागले. तिने माझ्या खांद्यावरून शाल नीट केली, डोळे पुसले. बघताय ना, म्हणाली, यांचंही तसंच सुरू झालंय. आधी संशय येतो, मग वाचा जाते.

त्यांनी बॅगेतून शाईचा डबा काढला. ते इथे पहिल्यांदा आले नव्हते, या घरात पाणी कुठे ठेवतात तेही त्यांना माहीत होतं.

२६ जून — बहुधा गुरुवार

टाचणी गेली.

मी झोपेत होते. मला झोपेत ठेवलं. डॉक्टर येऊन गेले, सर्टिफिकेट झालं, तिला नेलंही. भाची म्हणाली, शांत गेल्या. पलंग उघडा, गादी उन्हाला टेकवलेली. गजावर डाव्या हाताशी रंग उडालाय. नखाएवढा. दोन वर्षांचा.

भाची म्हणते या खोलीत वारा चांगला येतो. माझं सामान इकडे आणलंय.

२७ जून

दुपारी दारावर वाजलं. दोनदा.

सिस्टर गेल्या, बोल आता. मी उठले — तीच आहे, तिला नेलंच नाही, सगळं खोटं होतं — भिंत धरून दारापर्यंत गेले — माझं बोलणंही सुरू झालं होतं, टाचणी, इस्त्रीवाली, अभ्रा, वही अभ्र्यात घालते —

दारात भाची. बोटात माझं अंगुस्तान.

म्हणाली, जमलं ना मला, मावशी? काय म्हणत होतात, अभ्र्याचं?

मी म्हणाले, अभ्रा मळलाय.

२८ किंवा २९

हातमोजे. दोन्ही हातांना. नाडीची गाठ साधी आहे, सिस्टरांनी नापास केलं असतं. दातांनी सुटते. परत बांधता येत नाही नीट — तिच्या लक्षात येईल — येऊ दे —

सूप गादीच्या खाली ओतते. पण पाण्यातही असावं.

३० जून, सोमवार

आज सोमवार. रस्त्यावर इस्त्रीवालीची हाक ऐकली, दोन घरं पलीकडे आहे. गाठोडं माझ्या पायाशी बांधून ठेवलंय, अभ्रे वर. भाची आंघोळीला गेलीय. ही वही अभ्र्यात जाणार. इस्त्रीवाली आत हात घालते.

इस्त्रीवाले, तुला वाचता येत नसेल तर नातवाच्या आईकडून वाचून घे. या घरी परत आणून देऊ नकोस. कानातलं दिलंस तसं नको.

वही आणि आत टाचलेली स्लिप बँकेतल्या चष्मेवाल्या बाईंना. त्यांना सांग, मी तेव्हा खोटं बोलले. भीतीने नाही, शिस्तीने.

जिथे माझा अंगठा दिसेल तो कागद खोटा. मला सही येते. मी जन्मात अंगठा लावलेला नाही. आणि ५ जूनला मी वीस सह्या करून दिल्यात, तेव्हा त्यानंतरची सहीही, बँकेतली ९ तारखेची एक सोडून, माझी नाही. आणि ती बँकेतली मी मागे घेते.

माझ्या दोन खोल्या विकल्या गेल्या नसतील तर शाळेच्या सिस्टरांना. मुलींच्या वसतिगृहासाठी. त्यांनी बोलायची बंदी काढावी एवढीच अट.

त्या खोल्यांतलं माझं शिवणयंत्र इस्त्रीवालीच्या लेकीला. त्याचा पट्टा बदलावा लागेल.

टाचणीला दोन महिन्यांपूर्वी मी पत्राचं उत्तर लिहिलं होतं. ते ज्याला सापडेल त्याने तिच्या —

अंगुस्तान भाचीच्या बोटात आहे. ते काढून घ्यावं. ते टाचणीजवळ —

वाजलं.

पलंगाच्या गजावर. डाव्या हाताशी, रंग उडालाय तिथे. माझे दोन्ही हात वहीवर आहेत. खोलीत कुणी नाही.

परत. तीन.

नळ कधी बंद झाला? मी ऐकलंच नाही — तिने ऐकलं —

हो टाचणी. लपवते. लपव