टाकीवरचा मोगरा

माय, आपली संडासची टाकी भरली म्हणून मी घरी आलो आहे. तू असतीस तर हसली असतीस, की सणाला बोलावलं तर पोट्टा येत नाही अन् टाकी भरली की अकोल्याहून धावत येतो. धावत नाही, एसटीनं आलो. जठारपेठेत मोबाइलच्या दुकानात होतो, त्याआधी सेमाडोहला एका ढाब्यावर, मधेच एका ट्रकवाल्यासोबत पार छत्तीसगडपर्यंत. ते सांगत बसलो तर टाकी राहून जाईल. बाबांचा फोन आला होता. "पाणी उलटं येऊन राहिलं. तुह्या वहिनीले शेजारी जा लागते. अन् टाकीपाशी तुह्या मायचा मोगरा हाय. तोडू का?" बाबा कोणाला विचारून काही तोडणारे नाहीत. ते विचारत आहेत म्हटल्यावर मी बॅग भरली.

टाकी नवी बांधली तेव्हा तू शेणकाल्याची बादली आत ओतलीस, ते मला आठवतं. शेजारच्या काकू हसल्या तर म्हणालीस, "आत जीव रायतात बाई, तेच घाण खातात. त्याइले पहिला घास नको?" साबणाचं पाणी तू वांग्याच्या आळ्यात सोडायचीस, टाकीत नाही. एकदा वास येतो म्हणून मी मोठ्या हुशारीनं फिनाइलची अख्खी बाटली ओतली होती. तू माझा कान धरून अंगणभर फिरवलंस. "मारून टाकले ना सारे? आता तूच बसजो आत, तूच खाजो!" आजही कुठल्या लॉजवर फिनाइलचा वास आला की माझा हात आधी कानाकडे जातो.

आपलं सगळं वावर फुलांचं. झेंडू, शेवंती, मोगरा. उजाडायच्या आत तोडायचं, ओल्या फडक्यात बांधायचं, पहिल्या गाडीनं अमरावतीच्या बाजारात. उरलं तर देवाला, त्यातून उरलं तर कोणाच्या लग्नाला. गावातल्या साऱ्या नवरीमुलींचे गजरे तू गुंफलेस आणि तुझ्या अंबाड्यात कधी एक कळी नाही. मग एका पावसाळ्यात तू वावरातली एक फांदी आणून टाकीच्या कडेला खोचलीस. बाबा खवळले. "इथं काहून लावलं? संडासजवळचं फूल देवाले चालत नाही. बाजारात नेलं तर लोक तोंडावर फेकतीन." तू म्हणालीस, "बरं हाय ना मंग," आणि पाणी घालत राहिलीस.

संध्याकाळी तू टाकीच्या फरशीवर भाजी निवडत बसतेस. केसांत त्याच झाडाच्या दोन-तीन कळ्या. मी कुठून तरी हुंदडून येतो, मागून तुझ्या मानेत नाक खुपसतो आणि तू म्हणतेस, "सरक, घामट्या." माय, तो वास मी फार गावांत शोधला. देवळांबाहेर गजरे विकायला असतात, मी वास घेऊन पाहतो, बाया संशयानं बघतात. सापडत नाही. आता वाटतं, त्यात थोडा घामाचा, थोडा मेथीचा आणि थोडा टाकीचाही वास असेल.

उपसायची गाडी आली. गाडीवाल्यानं झाकण सरकवलं आणि ओरडला, "दूर व्हा सारे, वाकून पाहू नका, गॅस असते." टाकी रिकामी झाली तरी पाइपात ओतलेलं पाणी शोषखड्ड्याकडे जाईना. त्यानं बाहेरून पाइप उकरून मोकळा केला, आत सळई फिरवली, ओढली, आणि मुळ्या निघाल्या. लांब, बारीक, एकमेकींत गुंतलेल्या, जशी एखादीची वेणी. "मोगरा शिरला दादा जोडातून. झाड ठेवसान तर मले पुन्हा बोलावसान. काळी माती, तसंही पाणी जिरत नाही." बाबा कुऱ्हाड घेऊन उभे होते. किती तरी वेळ उभेच. मग त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि गोठ्याकडे निघून गेले. झाड फुलावर होतं. मी तोडत होतो आणि त्या सगळ्या घाणीच्या वर तो वास येतच होता.

वहिनीनं पडलेली फुलं पदरात गोळा केली. तुझ्या फोटोपाशी गेली आणि थबकली. तू आता देवाघरची, म्हणजे तुलाही चालणार नाही की काय, कोणालाच कळेना. "बाबा, टाकीवरची हायेत. फोटोले कशी चालतीन?" बाबा हात धुऊन आले होते. म्हणाले, "तिले चालत होती," आणि ओल्या हातानं त्यांनीच एक कळी फोटोच्या चौकटीत खोचली. नेमकी केसांपाशी.

दोन फांद्या मी ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. वहिनी म्हणाली, "तुळशीजवळ लावा ना भाऊजी, चांगली जागा हाय." मी म्हणालो, तिथं लावल्या तर देवाला चालतील, बाजारातही चालतील, मग मायच्या कशा राहतील? बाबांनी शोषखड्ड्याच्या पलीकडे, उकिरड्याच्या अंगाला बोट दाखवलं. "तिथं लाव. पाइपापासून दूर हाय. अन् तिथलं फूल कोणी मागत नाही." म्हणजे तू तो टाकीपाशी का लावलास हे त्यांना तेव्हापासून ठाऊक होतं, माय. मला आत्ता कळलं.

एक फांदी वाळली. दुसरी अजून हिरवी आहे, तिच्यावर मी पळसाच्या पानांची सावली केली आहे. बाबांना सांगितलंय की जगते का ते पाहतो आणि मग निघतो, गोंदियाकडे काही काम आहे म्हणतात. हा कागद कुठं टाकायचा ते मला माहीत नाही, तो माझ्याच खिशात राहील. बाबा रोज सकाळी चहाचा कप माझ्यापुढे सरकवतात आणि तिकडे न बघता विचारतात, "फुटली का?" आजही विचारलं. मी म्हणालो, "नाही अजून."

फुटली आहे, माय. मी वरून पळसाचं अजून एक पान ठेवलंय.