गटातलं दुसरं नाव

४ जुलै
शिक्षक-प्रमाणपत्राच्या ऑनलाइन कोर्सच्या प्रकल्पासाठी जोड्या लागल्या. माझ्या वाट्याला टी. नगरच्या सरोजा अक्का, तंजावरच्या मराठी घरातल्या. चोवीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवतात. प्रमाणपत्र नाही म्हणून अजून कायम नाहीत. चौथीला वीज शिकवायची, चित्रं नि हस्तकलेतून. पहिलंच वाक्य : "मज वायरींचं भय. ते तू पाहा, रंग मी पाहते."
चेन्नईत वर्ष झालं. नवरा समीर सोडून माझ्याशी मराठीत बोललेलं पहिलं माणूस.

१३ जुलै, रविवार
चेन्नईजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष भेटलो. अक्का वाळूतच बसून होड्या काढत होत्या. ठरलं : पुठ्ठ्याचा किनारा, होडी काठाला टेकवली की झोपडीत दिवा. येताना बसमध्ये माझी सुटलेली वेणी घालून दिली. आई गेल्यापासून कुणी...

२ ऑगस्ट
दिवा लागला! व्हिडिओ कॉलवर अक्का एवढ्या ओरडल्या की सून धावत आली.

११ ऑगस्ट
अक्का क्लासला नाहीत. फोन बंद.

१२ ऑगस्ट
सुनेचा, गायत्रीचा, फोन. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, वाचा गेली.
उजवा हात. तोच.

२० ऑगस्ट
कोर्सच्या मॅडम : "सादरीकरण दोघींनी करायचं, नाहीतर दोघी नापास. त्यांचं नाव काढा, मी दुसरी जोडीदार देते." म्हटलं, निम्म्याहून जास्त काम त्यांचं आहे. "कळतंय हो मला. पण नियम."
पेरुंगुडीच्या शाळेने मला नोकरी देऊ केलीय. प्रमाणपत्र दाखवलं तरच.

२५ ऑगस्ट
नाव काढलं. 'नक्की?' असं विचारलं स्क्रीनने. हो दाबलं.
समीर म्हणाला, "तुझी काही चूक नाही." बोलला नसता तर बरं.

३० ऑगस्ट
अक्कांना बघून आले. डाव्या हाताने माझा हात धरून ठेवला, सोडेनात. सांगणारच होते. गायत्री कॉफी घेऊन आली आणि राहिलं. राहिलं कसलं, मीच गिळलं. म्हटलं, होड्या फार सुंदर दिसतात. अर्ध्या ओठांनी हसल्या.

४ सप्टेंबर
उद्या सादरीकरण. नवी जोडीदार चांगली आहे, तिचा काय दोष. अक्कांच्या होड्यांबद्दल काय बोलायचं, मला विचारून लिहून घेत होती.
दुपारी गायत्रीचा फोन. "अम्मा सकाळपासून लॅपटॉपकडे बोट दाखवतायत. कॅलेंडरवर उद्याच्या तारखेला त्यांनीच मागे खूण केली होती. जरीची साडी काढून ठेवायला लावलीय. बोलणार नाहीत, नुसत्या बसतील. किती वाजता जोडून देऊ?"
म्हटलं, विचारून सांगते.
कुणाला विचारणार.
सहा वाजले. तिचा परत मेसेज : दहा की अकरा?