अठरा मिनिटांचा फॉर्म

२ सप्टेंबर
माझ्या टेबलावरचा दिवा आज एकविसाव्या दिवशीही लुकलुकतो आहे. सूर्य, चंद्र, अग्नी यांवर प्राचीनांनी स्तोत्रंच्या स्तोत्रं रचली; वॉशिंग्टनच्या सरकारी ट्यूबलाइटवर एक अक्षर नाही. दिव्यांचं खातं रिकामं आहे. खुर्च्यांच्या खात्यात मात्र पैसा उरलाय, आणि ३० तारखेला सरकारी आर्थिक वर्ष संपेपर्यंत तो उडवला नाही तर पुढच्या वर्षी कापतात. सबब मला तीन नव्या खुर्च्या आल्या. मी एकटाच आहे. आळीपाळीने बसून अंधारात काम करतो.

४ सप्टेंबर
सरकारी फॉर्मच्या तळाशी ‘हा भरण्यास अमुक मिनिटे लागतात’ असं बारीक अक्षरात असतं. ती मिनिटं मी ठरवतो. फॉर्म ८८१६, वृद्ध माजी नौसैनिकांना घरी मदतनीस मिळण्याचा अर्ज : अठरा मिनिटं. पूर्ण शास्त्रशुद्ध. दहा जणांना काही विचारायचं तर वरून परवानगी लागते, म्हणून आम्ही नऊच जणांना विचारतो. नऊही आमच्याच मजल्यावरचे. पैकी चौघांनी तो फॉर्म लिहिला होता.

६ सप्टेंबर, शनिवार
बाल्टिमोरला बाबांकडे. वय चौऱ्याऐंशी, नौदलात बावीस वर्षं, आता एकटे. गेल्या महिन्यात शेगडी दोनदा रात्रभर पेटती राहिली. मदतनीस हवाच. मुदत ३० तारखेची, फॉर्म अर्थात ८८१६, अर्जदाराने स्वहस्ते भरायचा. बहीण रोझलिन म्हणाली, कठीण आहे रे. मी घड्याळ काढलं. बाबांना म्हटलं, जेवणाआधी उरकू. ते म्हणाले, ॲडमिरलसाहेब, आधी खेकड्याचं सूप गार होतंय ते उरका.
एकूण वेळ एक तास. पैकी पंचावन्न मिनिटं चष्मा शोधण्यात. चष्मा फॉर्मचा भाग नाही. वजा.

९ सप्टेंबर
आमच्या साहेबीणबाई मिसेस ट्रुडेल यांच्याकडे दोन लाख डॉलर उरलेत. मी अठराची सोळा मिनिटं करण्याचा अभ्यास सुचवला. म्हणाल्या, व्हर्नन, दोन मिनिटांना दोन लाख? म्हटलं, मिनिटाला एकच लाख पडतो. मंजूर!
रोझलिन फोनवर म्हणाली, तेवढ्यात किती म्हाताऱ्यांना माणूस मिळालं असतं? मदतनिसांचं खातं वेगळं आहे. लोकांना खात्यांची जाण नसते.

१३ सप्टेंबर, शनिवार
प्रश्न सात : आजवरचे सर्व पत्ते. बाबांनी जहाजांची नावं सांगितली, मग एका जहाजावरच्या आचाऱ्याची गोष्ट. त्याने कप्तानाच्या वाढदिवसाच्या केकमध्ये मीठ घातलं होतं. दोन तास. आचारी वजा जाता निव्वळ अकरा मिनिटं. माझा अंदाज उदारच होता.

२० सप्टेंबर, शनिवार
बाबा म्हणाले, हा कागद ज्याने बनवलाय त्याला मी महिनाभर डेक घासायला लावला असता. मी खिडकीबाहेर पाहिलं.
मग आचाऱ्याची गोष्ट पुन्हा, शब्दशः. गोष्ट चांगली आहे; दोनदा ऐकायला हरकत नाही. निघताना रोझलिनने दारात अडवलं. तुझ्या लक्षात येतंय ना? म्हटलं, हो, प्रश्न सात संदिग्ध आहे.

२४ सप्टेंबर
अभ्यासाचा अहवाल आला. एकशेचाळीस पानं. सल्लागारांनी नऊ जणांना विचारलं. तेच नऊ. निष्कर्ष : सोळा मिनिटं. मिसेस ट्रुडेलनी हात मिळवला.

२७ सप्टेंबर, शनिवार
शेवटचं पान. ‘घरात आपल्यासोबत कोण राहते?’ बाबांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : पत्नी, आयलीन.
आई जाऊन सहा वर्षं झाली. मी तसं म्हणालो, हळूच. ते म्हणाले, बाजारात गेलीय, येईलच. थांब की, तुला बघून खूश होईल.
पत्नी सोबत असेल तर मदतनीस मिळत नाही. नियम आमचाच. म्हटलं, बाबा, एवढं खोडा. पेन खाली ठेवून म्हणाले, जिवंत बायकोचं नाव खोडू? तुला लाज नाही वाटत?

३० सप्टेंबर
मुदत संपली. अर्ज गेला नाही. रोझलिन सामान घेऊन बाबांकडे राहायला गेली; शेगडीची चिंता मिटली. पुढचे अर्ज पुढच्या सप्टेंबरात. तेव्हा आईचं नाव लिहायचं की नाही, ते बघू. तोवर बाबा मला ओळखत असतील का, याची मला भीती वाटते.