लाल गाडी की पांढरी

बाबा, दोन जुन्या गाड्या पाहिल्या. आईला आता दर आठवड्याला नागपूरला दवाखान्यात न्यावं लागतं आणि एसटीची पायरी तिला चढवत नाही. आधी तळेगावला एकटीच गेले. लाल गाडी. तुम्ही कुणासाठी जुनी गाडी पाहायला जायचात, तेव्हा सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेवायचात. मीही ठेवला. थंडगार. एका सेल्फमध्ये सुरू झाली, धुराचं नाव नाही. मालक हसला, "बाई, गाडी पाहाले कोनं शिकवलं तुमाले?" म्हटलं, बाबांनी, मेकॅनिक होते. शिकवत कसले होतात! "पोरीची जात, हात काऊन काळे करून राह्यली? जाय, अभ्यास कर," म्हणून खेकसायचात. गॅरेजच्या दारात उभी राहून चोरून शिकले मी. एवढंच की त्या लाल गाडीच्या पुढच्या सीटची पाठ मागे झुकताना अर्ध्यावरच अडकत होती.

दुसरी पांढरी, बोरगाव मेघेची. ऑटो करून आईलाही नेलं. बॉनेट गरम! आम्ही पोचायच्या आत चालू करून ठेवलेली. तुम्ही दारातूनच परत फिरला असतात, "आजार लपवून राह्यला लेकाचा." मीही फिरणारच होते. तेवढ्यात आई पुढे बसली, मालकानं खटका ओढला आणि सीट पार आडवी झाली. आईनं डोळे मिटले. "बरं वाटून राह्यलं वो," म्हणाली, आणि मग हळूच, "पन तुया बाबानं हे घेऊ देली नसती."

मी पांढरीच घेतली. सीट बदलता येते, इंजिन बिघडलं की घोर लागतो, कळतं मला. पण मला त्या आडव्या सीटशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं.

गावभरच्या गाड्या दुरुस्त केल्यात आणि त्या दुपारी तुमच्या छातीत कळ आली तेव्हा घरी माझी स्कूटी तेवढी होती. तुम्हाला मागे बसवलं, ओढणीनं माझ्या कमरेला बांधलं. रेल्वे फाटक बंद. तिथे तुमचं डोकं माझ्या पाठीवर टेकलं आणि कण्हणं थांबलं. हे आईला अजून तोंडानं सांगवलेलं नाही, म्हणून कागदावर लिहितेय. मला वाटलं, झोप लागली. बरं वाटलं हो मला, बाबा. फाटक उघडल्यावर मी स्कूटी मुद्दाम हळू चालवली, तुमची झोप मोडू नये म्हणून.