आपल्याच घरचा फॉर्म

प्रिय आत्याबाई,

तुम्ही जाऊन आठ महिने झाले. सासूला पत्र लिहिणारी सून तुम्ही पाहिली नसेल. पण आज पासली गावातल्या बायकांच्या आरोग्य बैठकीत मी तुमची गोष्ट सांगून आले, तीही तुम्हाला न विचारता. रागावलात ना?

कासेची तुम्हाला केवढी पारख होती! धार काढताना बोटाला जरा कठीण लागलं, की लगेच गुरांच्या डॉक्टरांना निरोप. शेजारच्या म्हशीसुद्धा तुमच्याच हाताखालून जायच्या. आणि स्वतःच्या छातीतली गाठ? ती पदराखाली लपवलीत. हळदीचा लेप दिसला, तर म्हणालात, खांदा धरलाय.

पण तुमच्यावर रुसायचा मला काय हक्क? मी विंझरची आशाताई, गावची आरोग्य कार्यकर्ती. घरोघरी फॉर्म घेऊन बायकांना विचारत फिरले, छातीत गाठ लागते का, पाळी गेल्यावरही अंगावरून जातं का. आपल्या घरचा फॉर्म मात्र चुलीपुढं बसून मीच भरला. सासूला असलं कसं विचारायचं? सगळीकडे 'नाही' लिहून टाकलं. तुम्ही शेजारीच तांदूळ निवडत होतात.

गाठ तेव्हाही होती, हे मला पुण्याच्या दवाखान्यात कळलं. तोवर ती पसरली होती. तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "तू इचारलं असतंस, तर म्या सांगितलं असतं गं."

आत्याबाई, एवढं बोलायला नको होतंत.

आज बैठकीत हे सगळं सांगितलं. म्हशीच्या कासेवरून बायका आधी हसल्या, मग पुढं सरकून ऐकू लागल्या. सगळ्या पांगल्यावर तुमच्या वयाची एक आजी चप्पल शोधत मागं रेंगाळली. चप्पल तिच्या पायातच होती. मी जवळ बसून विचारलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "हाय एक. लई दिस झाले. सुनंला बोलले न्हाई."

उद्या पहिल्या एसटीनं पासलीला जाते आणि तिला वेल्ह्याच्या दवाखान्यात नेते. तिच्या सुनेलाही सोबत घेणार आहे. आजी ऐनवेळी नको म्हणाली, तर पुन्हा विचारीन. लाजली, तर आणखी एकदा विचारीन. यापुढं एकाही बाईचा फॉर्म मी तिच्याशी न बोलता भरणार नाही, हा तुम्हाला शब्द.

तुम्हाला एकदाही न विचारलेली,
तुमची सून,
सुनंदा