डावा हात खिशात

मुलुंड पूर्व,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे बरे. आमच्या देवेशला उद्या बोरिवलीला काम आहे, त्याच्याबरोबर तू दुरुस्तीला दिलेला व्हॉल्वचा अॅम्प पाठवतेय. हे पत्र तुझ्याच हातात द्यायला त्याला बजावलंय. हल्ली तुझे मेसेज नीलावहिनी टाइप करते, म्हणून कागदावर लिहिते आहे.

त्यातली गुणगुण गेली. अर्थिंगचा एक जोड हलत होता, तो पुन्हा केला. काल संध्याकाळी बाबांच्या रेकॉर्डी लावून ऐकला. गाणारी बाई श्वास घेते तोही ऐकू येतो. नवीन बाजारू अॅम्पमध्ये ती श्वासच घेत नाही, असं तू म्हणतोस ते खरं आहे.

तो एकच जोड असता तर मी इथेच थांबले असते.

खालचा पत्रा उघडला तर निम्मे जोड मातकट, दाणेदार. तुझे जोड कसे असतात ते मला माहीत आहे. त्यात ट्यूबलाइट दिसते. आधी वाटलं, सोल्डर हलका असेल, आयर्न नीट तापलं नसेल. उगाच संशय नको म्हणून तुझाच सोल्डर घेतला, एक जोड केला आणि तो निवत असताना तार मुद्दाम हलवत राहिले. हुबेहूब तसाच झाला.

हात हलतो का, असं फोनवर विचारलं तेव्हा तू म्हणालास, "चहा जास्त होतो गं. दोन अॅम्प बनवलेस म्हणून माझी परीक्षा घेणार का आता?" मी हसले. त्याच फोनवर मागून वहिनी म्हणत होती, "चहा कसला जास्त? अर्धाच कप मागतात, मग परत अर्धा." दादा, भरलेला कप तुला उचलता येत नाही ना?

हेही मी मनात ठेवलं असतं. पण तो व्हिडिओ पुन्हा पाहिला, तू व्होल्टेज मोजून दाखवतोस तो. अॅम्प चालू आहे. उजव्या हातात मीटरची पिन आहे, आणि उजवं मनगट तू डाव्या हाताने धरलं आहेस.

आत साडेतीनशे व्होल्ट. चालू अॅम्पमध्ये एकच हात घालायचा, डावा खिशात, नाहीतर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडतो. हे मला कोणी शिकवलं? माझ्या फ्रॉकला खिसा नव्हता, तर तू आईच्या मागे लागून शिवून घेतलास. तोपर्यंत मला टेबलाजवळ येऊ दिलं नाहीस.

म्हणून मी एक गोष्ट केली आहे. आतल्या काचेच्या नळ्यांपैकी रेक्टिफायर व्हॉल्व काढून ठेवलाय. बाकीचे व्हॉल्व लाल होतील, पण आत व्होल्टेज चढणार नाही. रविवारी तुला अॅम्प चालू करून नवीन जोडांवरचं व्होल्टेज मोजायचं आहे, हे माहीत असून काढला. तुला न विचारता तुझ्या वस्तूला हात लावायचा मला काय अधिकार, हा प्रश्न सकाळपासून छळतोय. व्हॉल्व तरीही परत बसवला नाही.

याने तू थांबणार नाहीस, तेही कळतं. लॅमिंग्टन रोडला दुसरा मिळेल. नाहीतर त्याच्या जागी दोन डायोड लावशील आणि मला फोटो पाठवशील, खिजवायला.

म्हणून मागते आहे. रविवारी अॅम्प घेऊन इकडे ये. डॉक्टरांचं नंतर बोलू. नाही, नंतर नको. आधी तेच. शनिवारची वेळ घेतली आहे, मी बरोबर येईन. वहिनीला मी काही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस, आणि तू शनिवारपर्यंत सांगितलं नाहीस तर मी गप्प राहीन असं वचन मी देऊ शकत नाही.

मग रविवारी अॅम्प चालू करू. पिन कुठे टेकवायची ते तू सांगायचं, टेकवणार मी. माझा डावा हात खिशात असेल. तुझे दोन्ही.

व्हॉल्व कपाटात, माझ्या साड्यांमध्ये गुंडाळून ठेवलाय. न्यायला तूच ये.

तुझी,
मानसी